फाईलीत मयत, गल्लीत उभी

ती बाई मला आजही दिसते, आणि दिसते ती भर दुपारीच. पोलिसाने आठवणी सांगायला घेतल्या की लोकांना अमावस्या हवी असते, पडकी विहीर हवी असते. अहो, अमावस्येच्या रात्री मी ड्युटीवर चक्क झोपलेलो आहे. आयुष्यात एकदाच माझ्या अंगावर काटा आला, तो वैशाखात, जळगावातल्या एका साध्या सिमेंटच्या गल्लीत, दुपारी दीडच्या सुमारास. आजूबाजूला पक्की घरं, गच्चीवर वाळत घातलेले पापड, आणि समोर एक बाई उभी. बस, एवढंच होतं.

निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं. माझ्याकडे परदेशी नागरिकांच्या नोंदीचं टेबल होतं. जळगावात परदेशी म्हणजे गोरे पर्यटक नव्हेत. पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली, इथे वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी सिंधी कुटुंबं. त्यांची मुदतवाढ, पत्ता बदलला तर अर्ज, गावाबाहेर जायचं तर परवानगी, असा सगळा कागदांचा संसार. शिपायापासून खात्याच्या परीक्षा देत देत उपनिरीक्षक झालो तेव्हा पहिल्यांदा मी याच टेबलावर बसलो होतो. मधे धुळे झालं, पिंपळनेर झालं, भुसावळ झालं, आणि शेवटी निरीक्षक होऊन पुन्हा त्याच खोलीत, त्याच गळक्या कूलरखाली येऊन पडलो.

माझ्या हाताखाली एक हवालदार होते. पिंपळनेरकडचे, वयाने माझ्याहून थोडे मोठे. सगळं ऑफिस त्यांना नाना म्हणायचं, मीही म्हणायचो. ऑफिसात ते शुद्ध मराठी बोलत, पण घाबरले की अहिराणी सुरू.

एका सोमवारी फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे पुरुषाचा आवाज, तोंडावर फडकं धरल्यासारखा दबलेला.

"तुमच्या फाईलीत जी मुलगी मेलेली आहे, ती आठ दिवसांपासून सिंधी कॉलनीत फिरते आहे. तिचा पासपोर्ट खोटा आहे. तिला परत पाठवा."

"कोण बोलतंय?"

"परत पाठवा साहेब. नाहीतर एका घराचा सत्यानाश होईल."

फोन बंद. त्या माणसाने कुटुंबाचं आडनाव तेवढं सांगितलं होतं.

नानांनी आगमनाचं रजिस्टर काढलं. नोंद होती. मी निवडणुकीच्या बंदोबस्तावर असताना एक तरुणी रीतसर येऊन हजेरी लावून गेली होती. नातेवाइकांना भेटण्याचा व्हिसा, पासपोर्ट, फोटो, हमीपत्र, सगळं जागच्या जागी. हमीपत्र कॉलनीच्या पंचायतीच्या मुखीने दिलं होतं. मुखी म्हणजे त्या समाजाचे प्रमुख. ते त्या कुटुंबाचे लांबचे नातेवाईकही लागत. मग आम्ही कुटुंबाची जुनी फाईल काढली. धुळीने नाना शिंकायला लागले. तिसऱ्या पानावर ते थांबले, आणि फाईल त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"साहेब, हाई पोर ते मरेल शे!"

मेलेली! आणि अक्षर माझंच होतं. सतरा वर्षांपूर्वी, मी नवा नवा असताना, त्या मुलीच्या बापाचा मी घेतलेला जबाब. नवरा, बायको आणि तीन मुलं हरिद्वारच्या यात्रेच्या व्हिसावर येणार होती, आजोबांच्या अस्थी गंगेत सोडायला. निघायच्या तोंडावर सिंधूला पूर आला. नऊ वर्षांची थोरली मुलगी वाहून गेली. प्रेत मिळालं, दहन झालं, आणि आजोबांच्या लोट्याबरोबर मुलीच्या अस्थींचा लोटाही हरिद्वारला सोडून कुटुंब जळगावला नातेवाइकांकडे येऊन राहिलं. मुलीच्या नावापुढे मी 'मयत' लिहून खाली लाल रेघ मारली होती. आणि तेच नाव, तोच बाप, तीच जन्मतारीख रजिस्टरात आठ दिवसांपूर्वी सहीनिशी हजर होती.

आम्ही दोघे साध्या कपड्यांत कॉलनीत गेलो. एरवी तिथे दुपारी सुद्धा गजबज असते. बायका ओट्यावर बसून पापड लाटतात, गप्पा, हसणं, रेडिओ. त्या दिवशी ती एक गल्ली मात्र चिडीचूप होती. दारं लावलेली, पडदे ओढलेले, आणि घरोघरी चौकटीला ताज्या लिंबू-मिरच्या. एका उंबऱ्यावर कुणी मीठ टाकलं होतं. आणि समोरच्या भिंतीला, सावलीची बोटभर पट्टी होती तिथे, ती उभी होती.

पंचविशीतली असेल. उंच, उन्हाने रापलेली, डोक्यावरून ओढणी. तिची नजर समोरच्या निळ्या दारावर होती. आमच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घामाचा थेंब तिच्या हनुवटीवरून पडला, पण तिने तो पुसला नाही. मग एकदाच, मोठ्याने नाही, तिने हाक मारली.

"अमां, दर खोल."

आई, दार उघड. एवढंच. पण तो आवाज! शरीर बाईचं होतं, आणि बोलणं लहान पोरीचं. लाडिक, ओढलेलं, शाळेतून घरी आलेल्या मुलीचं. हातावरचे केस उभे राहिले, खोटं कशाला सांगू. नानांनी माझा दंड धरला होता तो गाडीपाशी येईपर्यंत सोडला नाही.

"माले नही पटत साहेब असलं," ते म्हणाले, "पन बठ्ठी गल्ली सांगी रायनी. पुरमा मरेल पोर वापस उनी म्हने."

"सगळी गल्ली म्हणते, पुरात मेलेली पोर परत आली! पण भूत व्हिसा काढून येतं का हो नाना?" मी म्हणालो. म्हणालो खरा, पण गाडीची किल्ली मला दोनदा लावावी लागली.

तिला आम्ही ऑफिसला बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली, आणि दुभाष्या म्हणून मुखी आले. पांढरा सदरा, शांत माणूस. त्यांनीच आधी आवाजाचा उलगडा केला.

"साईं, ही नऊ वर्षांची असताना आमच्या लोकांपासून तुटली. जिथे वाढली तिथे बलुची बोलतात. सिंधी हिची तिथेच थांबली. नऊ वर्षांच्या पोरीला जेवढं येतं तेवढंच हिला येतं, आणि त्याच सुरात. पहिल्या दिवशी दरबारात, म्हणजे आमच्या देवळात, ही बोलली तेव्हा आमच्या म्हाताऱ्या बायका उठून गेल्या."

तिने सांगितलेली हकिकत अशी. पुरात ती वाहत गेली आणि पलीकडच्या बांधावर अनोळखी लोकांनी तिला ओढून काढलं. मधे पाणी, नाव नाही. दोन्ही बांधांवर माणसं अडकलेली. पाचव्या दिवशी तिला समोरच्या बांधावरून एक ट्रॅक्टर जाताना दिसला. त्यात तिची आई होती, बाप होता, दोन भावंडं होती. तिने हाक मारली, खूप वेळा मारली. ट्रॅक्टर गेला.

"अमांने मागे पाहिलं नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या सुरात. गृहपाठ सांगावा तसं सांगितलं.

पुढे वीटभट्टीवर कामाला आलेल्या एका बलुची जोडप्याने तिला सांभाळलं. त्यांना मूल नव्हतं. ती माणसं मुसलमान, पण पोरीचं नाव त्यांनी बदललं नाही. वर्षभराने ते तिला तिच्या गावी घेऊन गेले होते, तर घर पडलेलं आणि माणसं हिंदुस्थानात गेलेली. पालक आई वारली तेव्हा त्या म्हाताऱ्याने तिला जवळच्या शहरातल्या हिंदू पंचायतीत नेलं. "ही तुमची अमानत. माझे दिवस आता थोडे आहेत, माझ्यामागे हिचं कोण?" असं म्हणून तो दारातच बसून राहिला. तिथल्या पंचायतीने तिचे कागद उभे केले. फोटो या पंचायतीकडून त्या पंचायतीकडे मोबाइलवर फिरत फिरत जळगावच्या मुखीपर्यंत आला.

"तुम्ही तिच्या बापाला विचारलं नाही?"

"विचारलं ना. म्हणाला, माझी मुलगी मेली, कुणीतरी बनावट आहे, या भानगडीत पडू नका." मुखींनी सुस्कारा सोडला. "पण तिकडच्या पंचायतीने झूलेलालच्या ज्योतीसमोर पदर पसरून, पल्लव घालून आम्हाला लिहिलं होतं. पाण्याच्या देवापुढे पसरलेला पदर मी रिकामा कसा पाठवणार? मी सही केली. खोटी निघाली तर मला आत टाका."

आईचं विचारलं तर मुखींनी सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी ही निळ्या दारात उभी राहिली, आईने दार उघडलं, हिच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून ती बाई घरात कुणाशी एक शब्द बोलली नव्हती.

व्हिसाचे नऊ दिवस उरले होते. आई-बाप 'ही आमची' म्हणाले असते तर दीर्घ मुदतीचा अर्ज करता आला असता. नाही म्हणाले तर ती बनावट नावाने आलेली परदेशी नागरिक, म्हणजे गुन्हा आणि मग अटारीच्या सीमेवरून पाठवणी. डीएनए तपासणी हा उपाय होता, पण त्यासाठी आई-बापांची संमती हवी, नाहीतर कोर्टाचा आदेश. नऊ दिवसांत त्यातलं काही होत नाही. म्हातारा बलुची तिला पोचवल्यावर महिन्याभरातच वारला होता. परत पाठवायची म्हणजे कुणाच्या दारात, हे तिलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी निळ्या दाराच्या घरी गेलो. बाप साठीचा, कपड्याचं छोटं दुकान चालवणारा, घामेजलेला. आदबीने बसवलं, सरबत आणलं. भिंतीवर मुलीचा फोटो होता. नऊ वर्षांची, दोन वेण्या, भुवया जुळलेल्या. काल पाहिलेल्या बाईच्या भुवया तशाच जुळलेल्या होत्या. फोटोच्या वर हार अडकवायचा खिळा होता, हार मात्र नव्हता.

"हार घालत नाही?"

"मी घालतो साहेब. ही काढून ठेवते." त्याने स्वयंपाकघराकडे मान हलवली. दारातून एका बाईची पाठ दिसत होती. ती ओट्याशी उभी होती. भांड्याचा आवाज नाही, नळाचा आवाज नाही. मी तिथे अर्धा तास होतो, तेवढा वेळ ती तशीच उभी होती.

"ती तुमची मुलगी आहे का?"

"माझ्या मुलीला मी या हातांनी अग्नी दिला. सरकार जे करील ते मला मान्य आहे."

चांगलं, ठाम उत्तर होतं. फारच ठाम. आठ दिवस दारासमोर मेलेल्या मुलीच्या चेहऱ्याची बाई उभी राहते, आणि बापाला तिला एक प्रश्न विचारावासा वाटत नाही? चोर असो, साव असो, माणूस चौकशी करतो. ज्याला उत्तर माहीत असतं तोच विचारत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

ऑफिसला येऊन मी पुन्हा फाईल घेऊन बसलो. निनावी खबर आली की आपण खबरेच्या मागे धावतो. पण आधी बघायचं असतं ते हे, की सांगणाऱ्याला ही गोष्ट कळली कुठून. 'तुमच्या फाईलीत मेलेली मुलगी.' फाईलीत काय लिहिलंय हे कॉलनीत कुणाला ठाऊक? लिहिणारा मी. सांगणारा तो बाप.

मग मी जबाब ओळीओळीने वाचला. मुलगी वाहून गेली. पाचव्या दिवशी प्रेत सापडलं. त्याच दिवशी दहन. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचल्या. म्हणजे पूर आल्यापासून सात-आठ दिवस तरी झाले. आणि मागच्याच पानावर, मीच चिकटवलेली पासपोर्टची झेरॉक्स. सीमेवरचा शिक्का पुराच्या सहाव्या दिवसाचा. अस्थी वेचायच्या आधीच अस्थी घेऊन माणूस सीमा ओलांडून आला होता! दोन्ही कागद सतरा वर्षं पाठीला पाठ लावून पडले होते, आणि मी शहाण्याने कधी बोटांवर दिवस मोजले नव्हते. रडणारा बाप समोर बसला की नवा उपनिरीक्षक दिवस मोजत नाही. कपाळ माझं!

त्याला बोलावलं. माझी एक सवय होती. चौकशीला माणूस आला की आधी बाहेर बसवायचं नाही. बसवला की तो मनातल्या मनात जबाब घोकतो. थेट आत घेतला.

"दहन केल्यावर अस्थी कधी वेचल्या?"

"तिसऱ्या दिवशी, साहेब. रीत आहे."

"मग तुम्ही सीमा कधी ओलांडली?"

मी झेरॉक्स पुढे ठेवली. शिक्क्यावर बोट ठेवलं. नाना दाराशी उभे होते, ते दोन पावलं पुढे आले. त्या माणसाने शिक्का पाहिला. मग टेबलाच्या कडेला धरून हळूहळू वाकला, आणि त्याच्या छातीतून असा काही आवाज आला की बाहेरचा लिपिक धावत आला.

"प्रेत मिळालंच नाही," तो म्हणाला. "चार दिवस शोधलं. व्हिसाची मुदत संपत होती. पुन्हा मिळाला नसता. घर गेलं होतं, गुरं गेली होती. दोन लहान मुलं तापाने फणफणलेली. आणि ही बांधावरून उठेना. पोर मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाली."

"मग?"

"माझ्या बापाच्या अस्थींचा लोटा होता. त्यातल्या अर्ध्या मी दुसऱ्या लोट्यात काढल्या. तिला म्हणालो, खालच्या गावाला प्रेत मिळालं, अग्नी देऊन आलो, ही तुझी मुलगी. तेव्हा ती ट्रॅक्टरवर चढली."

नानांनी टोपी काढून हातात धरली.

मी विचारायला नको होतं ते विचारलं. "निघताना हाक ऐकू आली होती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी फाशीच्या कैद्याचाही पाहिलेला नाही.

"आली," तो म्हणाला. "दोघांनाही आली. पाण्यावरून. ही उठून उभी राहिली. मी हिचा खांदा धरून खाली दाबला. आमच्यात म्हणतात साहेब, पाण्याने नेलेलं माणूस हाक मारतं. तिला ओ द्यायची नाही, मागे वळायचं नाही. वळलं की ते बरोबर येतं आणि उरलेल्या मुलांना घेऊन जातं. मला खरंच वाटलं ती गेली. चार दिवस झाले होते! मी म्हणालो, मागे बघू नकोस, तिला पोचवलंय मी, ही तिची हाक नाही."

"आमनाकडे बी असंच मानतस," नाना पुटपुटले. तापीकाठच्या गावात माझीही आजी हेच सांगायची. मी त्याला त्या क्षणी शिव्या घालू शकलो नाही.

"फोन तुम्हीच केला ना?"

"हो. तिला पाहिलं आणि समजलं, ती हाक जिवंत पोरीची होती. हे हिला कळलं तर ही जगेल का? आम्ही सतरा वर्षं एका ताटात जेवलो साहेब. मला वाटलं, पोर परत गेली तर सगळं पहिल्यासारखं होईल." मग स्वतःच्याच तोंडावर त्याने हात मारला. "पहिल्यासारखं! बघा मी कसा बाप आहे."

मला राग आला होता आणि कीवही आली होती. पोलिसाला दोन्ही एकदम येतात, लोकांना वाटतं आम्हाला फक्त रागच येतो. मी एवढंच म्हणालो, "हे मी लिहिणार आहे. तुमची बायको ते माझ्या कागदातून ऐकेल की तुमच्या तोंडून, ते तुम्ही ठरवा."

तो उठला. आम्ही लगेच निघालो. पुन्हा तीच वेळ, तेच ऊन, ती गल्ली, आणि भिंतीशी ती. मुखीही आले. बाप तिच्यासमोरून मान खाली घालून गेला. मी तिला हातानेच थांब म्हटलं, आणि दार उघडंच राहू दिलं.

आई स्वयंपाकघरात होती, पाठमोरी. नवऱ्याने सगळं सांगितलं, सिंधीत. मुखी माझ्या कानाशी मराठीत सांगत होते. प्रेत नव्हतं. लोटा बाबांचा होता. हाक खरी होती. तो बोलता बोलता खाली बसला, आणि त्याचं कपाळ फरशीला लागलं.

ती वळली. पन्नाशीची, सुकलेली, डोळे कोरडे.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मुखींनी ते मराठीत करताना तिच्याकडेच वळून पाहिलं. त्यांना स्वतःलाच ते पटलं नसावं.

"सासऱ्यांच्या अस्थी मी दुधाने धुतल्या होत्या. लोट्याचं तोंड लाल कपड्याने मी बांधलं होतं. किती जड होता ते माझ्या हाताला ठाऊक. सीमेवर तपासणीच्या वेळी तो माझ्या हातात आला, आणि तो अर्धा झालेला. कपड्याची गाठ माझी नव्हती. तिथेच कळलं मला, पोरीच्या लोट्यात कोण आहे. आणि आदल्या दिवशीची हाक कुणाची होती तेही."

नवऱ्याने डोकं वर उचललं.

"माझ्या एका हातात हा होता, एका हातात ती," ती म्हणाली. धाकट्या दोघांबद्दल बोलत होती. "मागे फाटक लागलेलं. मी पुढे चालले. मी पाऊल टाकलं, तुम्ही नाही. तुम्हाला वाटत होतं ती मेली. मला माहीत होतं ती जिवंत आहे, आणि तरी मी पाऊल टाकलं."

"मग दार का लावलंस?" बापाने विचारलं.

"भुताला घाबरून नाही. ती विचारील म्हणून."

मी मागे पाहिलं. ती दारात येऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं की नाही, ऐकलं तरी तिच्या तेवढ्याशा सिंधीत किती समजलं, मला सांगता येणार नाही. ऊन तिच्या पाठीमागे होतं, त्यामुळे चेहरा काळा दिसत होता, आणि त्या काळ्या आकृतीतून तो नऊ वर्षांचा आवाज आला.

"अमां?"

नाना दोन पावलं मागे सरकले. बापाने डोळे मिटले. मला वाटलं, ही आता पुन्हा पाठ करणार. पण ती बाई स्वयंपाकघरातून बाहेर आली, भिंतीला धरून, आणि पोरीच्या समोर उभी राहिली. दोघींमध्ये हातभर अंतर. मग तिने ओ दिली.

"हा धीअ, बुधां थी."

हो पोरी, ऐकते आहे. मुखींनी हे मराठीत सांगितलं आणि ते भिंतीकडे तोंड करून रडले. पोरीने काहीच विचारलं नाही. तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवायला बघितलं, तर ती आईपेक्षा उंच निघाली. तिला खूप वाकावं लागलं.

पुढची कामं कागदांची. पंचायतीने दोन दिवसांत शपथपत्रं दिली. ज्या बायका दरबारातून उठून गेल्या होत्या त्यांनीच आळीपाळीने तिला सिंधी शिकवायला घेतलं. दारांवरच्या लिंबू-मिरच्या कुणी न सांगता उतरल्या. आई-बापांनी संमती दिली, नमुने गेले. मुदत संपायच्या आत अर्ज वर गेला, मागाहून अहवाल जुळून आला आणि ती राहिली. बापाने खोटी माहिती दिल्याचा अहवाल मी पाठवला. तो पाठवणं भाग होतं. वरिष्ठांनी समज देऊन प्रकरण मिटवलं. नवरा-बायको एका घरात राहिले. एकमेकांशी बोलत होते का, ते मला माहीत नाही. काही गोष्टी पोलिसाने विचारायच्या नसतात.

पण मला ही केस आठवते ती गल्लीमुळे नाही, आणि त्या आवाजामुळेही नाही. अर्ज पाठवायच्या आधी आईचा जबाब लागतो, म्हणून तिला ऑफिसला बोलावलं. मुखी दुभाषे. मी पेन उघडलं आणि सवयीने म्हणालो, "बोला अक्का, काय सांगायचंय ते सांगा."

तिने जुन्या फाईलकडे बोट केलं आणि ती उघडायला सांगितली. नवऱ्याच्या जबाबाखाली माझ्या त्या नवख्या, घाईच्या अक्षरात एक ओळ होती. 'पत्नी निरक्षर. पतीच्या जबाबाशी सहमत.' त्याखाली तिचा अंगठा. सतरा वर्षांपूर्वी मी त्या बाईला एकही प्रश्न विचारला नव्हता. शाई लावली, अंगठा धरला, टेकवला, पुढचा कागद. तेव्हा साहेबांनी जेवणाआधी फाईल मागितली होती, एवढं मात्र स्पष्ट आठवतं.

"त्या दिवशी मी सांगायला आले होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. "हे घरी झोपलेले असताना रात्रभर मनात जुळवलं होतं. माझी मुलगी जिवंत आहे, पलीकडच्या बांधावर आहे, कुणालातरी कळवा. तुम्ही माझ्याकडे बघाल, विचाराल, मग सांगेन. तुम्ही बघितलंच नाही, साईं."

एक पत्र गेलं असतं. या सरकारकडून त्या सरकारकडे, या पंचायतीकडून त्या पंचायतीकडे, कसंही. त्या वर्षी ती पोर अजून त्याच भागात, वीटभट्टीवर होती. नऊ वर्षांची होती.

नोकरीत मी बरेच जबाब घेतले, बऱ्याच लोकांना बोलतं केलं, त्याबद्दल शाबासकीही मिळाली. या केसने मला शिकवलं ते असं, की जो बोलतो आहे त्याचं लिहून घेणं सोपं असतं, आणि आपलं काम असतं शेजारी गप्प बसलेल्याकडे वळणं. हे मला निवृत्तीला दीड वर्ष असताना कळलं. त्या दुपारी मी नवा कागद घेतला, वर तिचं नाव लिहिलं, आणि ती बोलत गेली. साडेतीन पानं झाली. शेवटी मी अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला आणि पेन मागितलं. परत आलेल्या थोरल्या मुलीने तिला आठवडाभरात सही करायला शिकवलं होतं.